साडेसात

ऋजुताचा निरोप आला इस्तंबूलहून.
आत्या, अंगठ्याच्या चपला आणू नकोस.
इथे गल्ल्या चढणीच्या, दगड झिजून गुळगुळीत झालेले.
जुलैत ऊन आहे, म्हणून पाय उकडतील असंही नको.
मशिदीत काढावे लागतात, तेव्हा नाड्यांचे नकोत.
मोजे घे. भोक नसलेले.
आणि ते पांढरेशुभ्र, पावासारख्या तळव्यांचे तर घेऊच नकोस,
लांबून कळतं, बाई फिरायला आलीय.

मग काय कळायला हवं लांबून?
वडाळा डेपोत तेहेतीस वर्षं सुट्टे पैसे मोजले,
एवढं तर कुणाला जवळूनही कळलं नाही.

शनिवारी कुंदा परुळेकर आणि मी रानडे रोडला.
मे महिना. पेव्हर ब्लॉकमधून वाफा.
कुंदाला सोनेरी टिकल्यांच्या सँडल आवडल्या.
म्हटलं, बारशाला जायचंय का आपल्याला?
ती म्हणाली, देवाच्या दारात काय, काढायच्याच आहेत.
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुकानात मयेकर म्हणून जुने गृहस्थ.
शर्टाच्या खिशात पितळी चमचा, बुटात टाच सरकवायचा.
बसा, म्हणाले. कुठला देश?
मग, चढ आहे का? मग, दिवसाला किती चालणार?
डॉक्टरांनीही इतकं विचारलं नव्हतं.
सहा नंबर दाखवा, मी म्हटलं.
ते बुटक्या स्टुलावर बसले, माझा पाय मांडीवर घेतला.
मी ओढून घ्यायला गेले. वयानं मोठा माणूस.
राहू द्या हो, म्हणाले, माझं कामच आहे.
करंगळीवरच्या घट्ट्यावरून बोट फिरवलं,
जसं कुणी भिंतीतली ओल बघतं.
मग खालून लोखंडी माप काढलं.

साडेसात.

पुन्हा बघा.
त्यांनी पुन्हा पाहिलं. दुसराही पाहिला.
डावा साडेसात, उजवा अंमळ जास्तच.

सहा नंबर सासूबाईंनी आणला होता, लग्नाच्या वेळी.
मुलीच्या जातीला याहून मोठा पाय बरा दिसत नाही,
असं म्हणाल्या होत्या, तेही प्रेमानंच.
चामडं सैल होईल, म्हणाल्या.
झालंही. दर वेळी. मग दुसरा जोड, पुन्हा सहा.
मी दुकानात शिरताच सहा म्हणायचे,
जसं कुणी नाव विचारल्यावर नवऱ्याचं आडनाव सांगावं.
दुखतं म्हणजे नवं आहे, असंच वाटायचं मला.

मयेकरांनी तपकिरी जोड आणला,
मऊ, वरून जाळीचा, नुसता पाय सरकवायचा.
उभ्या राहा, म्हणाले. चालून या आरशापर्यंत.
मी गेले. बोटं पसरली आत,
पाचही, एकेक करून,
जशा डब्यातून बाहेर काढल्यावर
पुऱ्या हळूहळू सुट्या होतात.
कुंदा म्हणाली, तुझे पाय किती मोठे दिसतात गं!
म्हटलं, आहेतच.

पैसे देताना मयेकरांना विचारलं, तुम्ही गेलायत कुठे बाहेर?
अलिबागला, म्हणाले. बोटीनं.

आता रोज संध्याकाळी सराव करते.
नव्या बुटांनी घरात चालणं, म्हणजे पाप.
पण रस्त्याला लागलेले नाहीत अजून,
तोवर ती वस्तूच, बूट नव्हेत, असा निवाडा मी स्वतःच केला.
स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मात्र काढते.
ऋजुता म्हणते, छान, काढायची सवय होते आहे तुला.

जुन्या सहा नंबरच्या चपला दाराशी आहेत.
कामवाली अंजनी म्हणाली, ताई, मी नेऊ?
तिचा पाय पाहिला. फरशीवर ओला ठसा उमटलेला,
माझ्याहून बोटभर लांब.
नको, म्हटलं. तुला लागतील.
शनिवारी ये माझ्याबरोबर, दादरला.
एक माणूस आहे तिथे.